बोटभर टूल

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, स्टॅम्पपॅडच्या शेजारी, पोलादाचा एक चौकोनी तुकडा आहे. करंगळीच्या दोन पेरांएवढा. एका टोकाला तिरकी धार, धारेमागे निळसर झाक. आमच्याकडे नवीन लागलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात मी तो एकदा देते आणि विचारते, हे काय असेल? डिप्लोमा झालेली मुलंही पटकन ओळखत नाहीत, कारण त्यांनी पाहिलेला लेथचा टूल, म्हणजे फिरत्या लोखंडाला कापून आकार देणारी पोलादाची धारदार पट्टी, चार इंच लांब असतो. हा त्याच टूलचा उरलेला सव्वा इंच. बाकीचे पावणेतीन इंच चार वर्षांत थोडे थोडे करून ग्राइंडरवर गेले.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या मशीनशॉपमध्ये स्टोअर सांभाळते. एमआयडीसीची सुरुवात झाली १ ऑगस्ट १९६२ ला, आणि तिचा शुभारंभ झाला तो इथेच, वागळे इस्टेटमध्ये. म्हणजे महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींचं हे माहेर म्हणायचं. आता ज्या रस्त्यांवर पॉवर प्रेसचे ठोके ऐकू यायचे तिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि दुपारी गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं टपरीवर चहाला गर्दी करतात. त्यांच्यामधून वाट काढत आमचा टेम्पो गाळ्यापर्यंत येतो. गाळ्यात चार लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल, एक सरफेस ग्राइंडर आणि अलीकडे घेतलेलं सेकंडहँड सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमाने चालणारं मशीन. माणसं अकरा. शुक्रवारी सुट्टी. जिन्याखालची आठ बाय दहाची खोली म्हणजे माझं स्टोअर.

१९९९ मध्ये बी.कॉम. होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं हिशेब लिहायचे असतील. साहेबांनी स्टोअरच्या किल्ल्या दिल्या आणि म्हणाले, ‘‘पैसे इथूनच जातात. इथे बसा.’’ आमच्यासारख्या जॉबवर्क करणाऱ्यांकडे पैसा कायम अडकलेला असतो. माल गेला तरी बिल दोन-तीन महिन्यांनी सुटतं, आणि पोलादवाला मात्र रोख मागतो. त्यामुळे साधनं कमी असणं हे आमच्याकडे संकट म्हणून येत नाही, ती रोजची हवा आहे. मी कारकुनी बुद्धीने पहिला नियम केला: जुना दिल्याशिवाय नवा मिळणार नाही. जुना जमा, नवा वाटप, रजिस्टरमध्ये सही. यालाच मी काटकसर समजत होते.

दुसऱ्याच आठवड्यात एका हेल्परने टोक उडालेला टूल आणून दिला. मी नवा दिला आणि जुना भंगाराच्या ड्रममध्ये टाकला. संध्याकाळी आमचे टर्नर, म्हणजे लेथ चालवणारे काका, तो ड्रममधून काढून घेऊन आले. तेव्हा ते पन्नाशीच्या अलीकडे असतील. टूल माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, ‘‘ताई, हा बोथट झालाय. संपलेला नाहीये. चला, दाखवतो.’’

ग्राइंडरजवळ मी त्याआधी कधी उभी राहिले नव्हते. काकांनी पाण्याचा डबा जवळ ओढला, टूल दोन्ही हातांच्या बोटांत धरला आणि चाकाला नुसता टेकवला. दाबला नाही. ठिणग्यांची बारीक पिसारी खाली गेली. तीन-चार सेकंद, की पाण्यात. पुन्हा टेकवला, पुन्हा पाण्यात. आधी समोरची बाजू, मग कडेची, मग वरची. मोज्याशिवाय का धरता, असं मी विचारलं. म्हणाले, ‘‘बोटाला चटका लागला की समजायचं टूललाही लागला. मोजा घातला की बोट मुकं होतं.’’ मग तेलाच्या दगडावर दोन-चार हात फिरवले आणि धार अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवली. धार बोथट असेल तर नखावरून घसरते, चांगली असेल तर जागीच धरते. ती धरली. सगळ्यात मिळून टूलचं जेमतेम अर्धा मिलिमीटर गेलं असेल. ‘‘न येणारा माणूस एवढ्यासाठी तीन मिलिमीटर घासतो,’’ काका म्हणाले, ‘‘म्हणजे एका वेळेला सहा वेळांचं खातो.’’

माझ्या रजिस्टरमध्ये हे कुठेच दिसत नव्हतं. तिथे ‘एक टूल’ म्हणजे एक टूल. तो कुणाच्या हातात आहे त्यावर त्याचं आयुष्य सहापट लांबतं किंवा आखडतं, याला रकानाच नव्हता.

टूल आखूड होत जातो तसं त्याचं काम बदलत जातं, हेही मी काकांकडूनच शिकले. चार इंचांचा असतो तेव्हा तो टूलपोस्टमध्ये, म्हणजे लेथवरच्या टूलच्या पकडीत, बसून फिरत्या कामाला बाहेरून कापतो. दोन इंचांचा झाला की तिथे धरायला पुरत नाही, मग तो बोरिंग बार नावाच्या दांड्याच्या टोकाला भोकात बसतो, बारीक स्क्रूने आवळला जातो आणि कामाच्या पोकळीत आतून कापतो. तिथेही स्क्रूला धरायला जागा उरली नाही की त्याची नोकरी संपली. माझ्या खणातला तुकडा काकांनी २०१२ च्या दसऱ्याला, मशीनची पूजा झाल्यावर, चिंधीत गुंडाळून आणून दिला. ‘‘हा मात्र संपला, ताई. आता लिहा.’’ मी त्या दिवशी तो खर्ची टाकला आणि ठेवून घेतला.

या पोलादाला हाय स्पीड स्टील म्हणतात. गरम होऊन काळपट लाल व्हायच्या बेतात आलं तरी त्याची धार नरमत नाही, म्हणून मशीन पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने चालवता आलं. त्यावरून हे नाव. ते घडवलं अमेरिकेत बेथलेहेम स्टील या कारखान्यात फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी, आणि १९०० च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लोकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. टेलरने धातू कापण्यावर २६ वर्षं प्रयोग केले होते. ही माहिती मला माझ्या लेकीच्या डिप्लोमाच्या पुस्तकांमुळे कळली. टेलरची गोष्ट एवढ्यावर संपत नाही, पण तिच्याकडे नंतर येते.

काकांच्या त्या धड्यानंतर माझी नजरच बदलली. सीएनसी आलं तेव्हा त्याच्यासोबत कार्बाइडचे इन्सर्ट आले, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या छोट्या कठीण चकत्या. हे घासायचे नसतात, कोपरा झिजला की फिरवून दुसरा लावायचा. सीएनएमजी नावाचा शंकरपाळ्याच्या आकाराचा इन्सर्ट आमच्याकडे सर्रास लागतो. त्याला ८० अंशांचे दोन कोपरे वर आणि दोन खाली, म्हणजे चार धारा. मी केराचा डबा उपसायला लावला तर निम्म्या इन्सर्टच्या दोनच धारा वापरलेल्या. उलटा करून बसवायचा कंटाळा, आणि कुठला कोपरा वापरलाय ते आठवत नाही म्हणून भीती. उपाय अगदी साधा निघाला. पक्क्या शाईचं पेन मशीनला दोरीने बांधलं. कोपरा झिजला की त्यावर ठिपका. चार ठिपके झाल्याशिवाय इन्सर्ट माझ्याकडे परत येत नाही. पुढे कळलं की शंकरपाळ्याचे उरलेले कोपरे, म्हणजे १०० अंशांचे, तेही कामाचे असतात. त्यांच्यासाठी वेगळा होल्डर मिळतो आणि जाड काट मारायला ते चांगले टिकतात. तो होल्डर घ्यायला मी साहेबांना तीन महिने विनवत होते. घेतला, आणि जे आम्ही चार धारांचे समजून फेकत होतो ते आठ धारांचे झाले.

पण खरा पैसा असतो पोलादाच्या बारमध्ये. गोल बारचं वजन काढायचं आमचं सूत्र इथल्या पोराटोरांना पाठ आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२. पन्नास मिलिमीटरचा बार म्हणजे २५०० भागिले १६२, मीटरला जवळजवळ साडेपंधरा किलो. एकदा त्या बारमधून ३४० मिलिमीटरचे ३२० आणि ९५ मिलिमीटरचे १०० तुकडे हवे होते. हॅक्सॉची पात प्रत्येक कापाला तीन मिलिमीटर खाते, म्हणजे हिशेबाला ३४३ आणि ९८. सहा मीटरच्या बारमधून लांब तुकडे काढत सुटलं की १७ निघतात आणि एकशे एकोणसत्तर मिलिमीटर उरतं. त्यात आखूड एक बसतो, वर एकाहत्तरचा ठोकळा कोपऱ्यात जाऊन पडतो. असे ठोकळे आमच्या गाळ्यात वर्षानुवर्षं साठलेले होते, ‘कधीतरी लागेल’ म्हणून. मी चलनाच्या पाठकोऱ्या कागदावर मांडत बसले. लांब १७ ऐवजी १६ काढले तर मागे पाचशे बारा राहतात, त्यात आखूड पाच बसतात, आणि उरतात फक्त बावीस मिलिमीटर. वीस बारमध्ये ३२० आणि १०० बरोब्बर. आधीच्या रीतीने एकवीस बार लागले असते. एक अख्खा बार, साडेब्याण्णव किलो, एका पाठकोऱ्या कागदावर वाचला. त्या रात्री घरी जाताना मला जो आनंद झाला तो पगारवाढीच्या पत्रानेही कधी झाला नव्हता.

कापताना आणखी एक पाळायचं असतं. बारच्या एका टोकाला रंग मारलेला असतो, त्यावरून तो कुठल्या जातीचं पोलाद आहे ते कळतं. कापायला सुरुवात बिनरंगाच्या टोकाकडून करायची. रंगाचं टोक आधी कापलं तर उरलेला बार अनाथ होतो. कुठल्या जातीचा ते सांगता येत नाही, आणि जात ठाऊक नसलेलं पोलाद आम्ही कुणाच्या मशीनमध्ये जाऊ देत नाही. चांगलं पोलाद नुसत्या विसरण्यामुळे भंगारात जातं. तसाच पितळेचा कीस. तो लोखंडाच्या किसात मिसळला की भंगारवाला सगळ्याला लोखंडाचा भाव लावतो. वेगळा ठेवायला एक ड्रम आणि एक झाडू लागतो, बाकी काही नाही.

लोडशेडिंगच्या वर्षांनीही मला एक गोष्ट शिकवली. वीज गेली की सगळी मशीनं एकदम गप्प व्हायची. त्या शांततेत, एका दुपारी, मला फुस्स असा बारीक आवाज ऐकू आला. कॉम्प्रेसरच्या टाकीत हवा भरलेली होती आणि ती पाइपच्या सांध्यातून निघून चालली होती. एरवी मशीनच्या आवाजात ती रात्रंदिवस जात असणार आणि तिच्यासाठी मोटर पुन्हा पुन्हा चालू होत असणार. काका साबणाचं पाणी घेऊन आले. ज्या सांध्यावर फुगे आले त्याला खडूची खूण. नऊ खुणा झाल्या. वीज परत यायच्या आत सहा सांधे टेप गुंडाळून आवळून झाले होते. वीज नाही म्हणून हात बांधून बसलेला तास आम्हाला वीज वाचवून देऊन गेला.

अशा गोष्टी सांगितल्या की लोक कौतुकाने म्हणतात, वा, काय जुगाड! मला तो शब्द आवडत नाही. फ्यूज उडतो म्हणून जाड तार घालणं हा जुगाड. वायसरऐवजी दोन वेळा दुमडलेला पत्रा हाही जुगाड. त्यात पुढचं काय होईल याचा विचार आपण पुढच्या माणसावर ढकललेला असतो. काकांनी टूल घासला तेव्हा त्यांना पोलाद माहीत होतं, चाक माहीत होतं, स्वतःचं बोट माहीत होतं. आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, पुरवून वापरणं. आजी एका नारळात तीन दिवसांची भाजी-आमटी निभावायची, तेव्हा ती नारळाला फसवत नव्हती. कोंड्याचा मांडा करायलासुद्धा आधी हात बसलेला लागतो.

एप्रिल २०२१ मध्ये हे सगळ्यांनाच दिसलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत दवाखान्यांना ऑक्सिजन पुरेना, तेव्हा केंद्र सरकारने २२ एप्रिलपासून नऊ प्रकारचे उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा ऑक्सिजन बंद केला. आमचं गॅसकटिंग थांबलं. ते योग्यच होतं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एका जाड प्लेटचं काम मात्र अर्ध्यावर होतं. आमच्या फिटरने प्लेटवर रेघ आखली, तिच्यावर ड्रिलने भोकांची माळ मारली, भोकाला भोक लागून, आणि मधली बारीक भिंत छिन्नीने तोडली. गॅसने अर्ध्या तासाचं काम, लागले दीड दिवस. पण साहेबांनी त्या दीड दिवसाची मजुरी पूर्ण दिली आणि गिऱ्हाइकाला फोन करून तारीख वाढवून घेतली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. कारण याच्या उलट वागलेली मी स्वतः आहे.

२०१४ ची गोष्ट. त्या वर्षी मी किरकोळ सामानाचा खर्च बराच खाली आणला होता आणि साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं होतं. मला त्याची चटक लागली. ग्राइंडिंगच्या गॉगलला मी नियम लावला: सहा महिन्यांना एक. एक दिवस आमचा हेल्पर खिडकीशी आला. विशी-बाविशीतला मुलगा, शहापूरकडून रोज लोकलने यायचा.

‘‘ताई, गॉगल दिसत नाही.’’

‘‘हरवलास?’’

‘‘नाही ओ. गॉगलमधून दिसत नाही.’’

मी रजिस्टर पाहिलं. तीन महिने बाकी होते. गॉगल हातातसुद्धा घेतला नाही. ‘‘पुसून वापर,’’ म्हणाले.

चार दिवसांनी ग्राइंडरवर काम करताना आखलेली रेघ दिसेना म्हणून त्याने गॉगल कपाळावर सरकवला. कण डोळ्यात गेला. त्याने नळावर डोळा धुतला आणि संध्याकाळपर्यंत काम केलं. मला कुणी सांगितलं नाही. त्याला वाटलं असेल, ताई ओरडतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा डोळा लालभडक, पाणी थांबत नव्हतं. मी त्याला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मशीनमधून पाहिलं आणि मलाही पाहायला बोलावलं. बुबुळावर मोहरीहून कितीतरी बारीक काळा ठिपका, आणि त्याच्याभोवती तांबूस कडं. लोखंडाचा कण डोळ्यात राहिला की काही तासांतच गंजायला लागतो आणि गंज बुबुळात उतरतो, असं त्या म्हणाल्या. कण काढून भागत नाही, ते कडंही खरवडावं लागतं. औषध टाकून डोळा बधिर केला आणि त्यांनी ते खरवडलं. तो मुलगा हनुवटी टेकवून, श्वास रोखून बसला होता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि माझ्या डोक्यात माझेच दोन शब्द फिरत होते. पुसून वापर.

डोळा वाचला. ठिपक्याची खूण मधोमध नव्हती, नजरेला काही झालं नाही. जाण्यायेण्याचं रिक्षाभाडं गॉगलच्या किमतीपेक्षा जास्त झालं होतं. मी घरी गेल्यावर तो गॉगल पिशवीतून काढला आणि डोळ्यांना लावला. ट्यूबलाइट नुसता पांढरा धूर दिसत होती.

तेव्हापासून मला एक दिसायला लागलं. तुटवडा रजिस्टरमधून खोडला म्हणजे तो नाहीसा होत नाही. तो सरकतो, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या अंगावर जाऊन थांबतो. कमी माणसांत काम भागवलं, म्हणजे कुणाची तरी जेवणाची सुट्टी गेली. मशीनवरचा बल्ब बदलला नाही, म्हणजे मापाच्या व्हर्नियरवरच्या बारीक रेघा वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी बिल भरलं. उचलायची चेनपुली दुरुस्त केली नाही, म्हणजे दोघांच्या कमरेने भरलं.

आता टेलरकडे येते. ज्या माणसाने माझ्या खणातलं हे पोलाद दिलं, त्यानेच बेथलेहेममध्ये घड्याळ लावून माणसांचं काम मोजलं. कच्च्या लोखंडाच्या कांबी वाघिणीत भरणारा माणूस दिवसाला साडेबारा टन भरायचा, त्याच्याकडून साडेसत्तेचाळीस टन भरून घेतले, असं त्याने स्वतः लिहून ठेवलं आहे. काम जवळजवळ चौपट झालं. रोज एक डॉलर पंधरा सेंटवरून एक डॉलर पंच्याऐंशी सेंट झाला, म्हणजे दीडपटीहून थोडा जास्त. लेकीला हे परीक्षेसाठी पाठ करायचं होतं. मी तिच्या शेजारी भाजी निवडत ऐकत होते, आणि मला त्या पोलादाचा मोठेपणाही कळत होता आणि या आकड्यांचा त्रासही होत होता. टूलला चटका लागला की पाण्यात बुडवायचं हे ज्याला उमगलं, त्याला ते माणसापर्यंत नेता आलं नाही. आणि मी कोण त्याला बोलणार? मीही तेच केलं होतं, फक्त गॉगलपुरतं.

काही वर्षांनी एका मोठ्या गिऱ्हाइकाने आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं. टोयोटाची पद्धत शिकवत होते. तिथे तीन जपानी शब्द आहेत: मुदा, म्हणजे वाया जाणं. मुरा, म्हणजे कामाचा चढउतार. आणि मुरी, म्हणजे माणसावर किंवा मशीनवर पेलणार नाही एवढा भार. दिवसभर मुदावरच बोलणं झालं. मुरीसाठी एक स्लाइड होती, ती चहाच्या आधी घाईत गेली. मी ती वहीत उतरवून घेतली.

साहेबांकडे मी एक यादी घेऊन गेले होते, डोळ्याच्या प्रकारानंतर महिनाभराने. गॉगल, कानातले बोळे, कीस ओढायचा आकडा, मशीनवरचे दिवे, पिण्याच्या पाण्याचा फिल्टर, चेनपुलीची दुरुस्ती. यांना नियम नाही, जुना मागायचा नाही, हवं तेव्हा मिळणार. साहेबांनी यादी दोनदा वाचली. ‘‘मग वाचवणार कुठे?’’ त्यांनी विचारलं. मी पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा समोर ठेवला, बार कापायच्या मांडणीचे, वर्षभराचे. ते बराच वेळ उलटत राहिले. मग यादीवर सही केली आणि म्हणाले, ‘‘त्या मुलाचे डोळ्यापायी बुडालेले चार दिवस पगारात भरून टाका.’’

काका २०१९ मध्ये निवृत्त झाले. तो मुलगा आता आमचा सीएनसी ऑपरेटर आहे, दोरीला बांधलेलं पेन तोच बदलतो.

शनिवारी, सुट्टीनंतरच्या सकाळी, मी अर्धा तास लवकर येते. कूलंटच्या, म्हणजे कापताना टूल गार ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीला दिवसभराच्या बंदने वास आलेला असतो, तो जाईपर्यंत शटर उघडं ठेवते. खुंटीवरचे गॉगल एकेक काढून ट्यूबलाइटपुढे धरते आणि नळीवर छापलेलं वॅटचं बारीक अक्षर वाचता येतं का पाहते. या शनिवारी दोन वाचता आले नाहीत. ते कापून ड्रममध्ये टाकले, म्हणजे पुन्हा कुणी वापरायला नकोत, आणि त्यांच्या जागी नवे दोन अडकवले. रजिस्टर नंतर लिहिलं.